निघताना म्हणायचा शब्द

मराठी माणसाला दाराबाहेर काढायला पोलीस लागतो, असं माझी बायको कुमुद नेहमी म्हणायची. आमच्याकडे ते शब्दशः खरं होतं, कारण पोलीस शेजारीच राहायचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही टेक्सासमधल्या अर्विंगला घर घेतलं. मी टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होतो. पहिल्याच आठवड्यात गाडी रिव्हर्स घेताना मी शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली. अमेरिकेत टपालपेटी पाडली की थेट दिल्लीएवढ्या वरच्या सरकारचा गुन्हा होतो, असं ऑफिसात कुणीतरी मला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्याच घराच्या दारातून गणवेशातला एक ताडमाड पोलीस बाहेर येताना दिसला, तेव्हा मी जे केलं ते कुठल्याही सुशिक्षित माणसानं केलं असतं. काचा वर केल्या, चारही दारं आतून लॉक केली आणि समोर बघत बसलो.

टेक्सासचा जुलै होता. पोलीस गाडीजवळ आला नाही. जरा लांब, फुटपाथच्या कडेला बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, "उकडत असेल आत."

मी मान हलवली.

"दार नको उघडूस. काच बोटभर खाली घे. घाई नाही."

मी घेतली. त्यानं मला नाव विचारलं, कुठून आलो ते विचारलं, सांगलीला उन्हाळा कसा असतो ते विचारलं. टपालपेटीचं नावच काढेना. शेवटी मीच शरमून बाहेर आलो, तर म्हणाला, "या महिन्यातला तू माझा सगळ्यात सोपा माणूस."

हा हारलन. (त्याचं बोलणं मी मराठीत देतोय, टेक्सासचा हेल तुम्ही मनातल्या मनात घाला.) शेजारच्या एका गावच्या पोलिसात तो सार्जंट होता, आणि त्याचं काम बोलण्याचं होतं. एखादा माणूस बंदूक घेऊन स्वतःला घरात कोंडून घ्यायचा, जगायचं नाही म्हणायचा, बाहेर पोलिसांच्या गाड्या जमायच्या. मग हारलनला बोलवायचे. हारलन त्याच्याशी बोलत राहायचा. एवढंच. तो बाहेर येईपर्यंत, किंवा.

त्या 'किंवा'बद्दल तो सांगत नसे.

बोलण्याचं काम करणारा माणूस असा असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्याच्या दोन शब्दांच्या मधे चहा गाळून घेता यायचा. कुणालाही तो 'का' असं विचारत नसे. "का, याचं उत्तर असतं तर तो आत बसला असता कशाला?" म्हणायचा. हे ऐकून मी घरी 'का' वर्ज्य करायचं ठरवलं. कुमुद म्हणाली, का? तिथंच संपलं. दुसरं म्हणजे तो खोटं बोलत नसे, अगदी शिष्टाचारापुरतंही. तो कुमुदची इथली पहिली पुरणपोळी खात असताना तिनं उत्सुकतेनं विचारलं, कशी झालीय? हारलन बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "मी अजून विचार करतोय." पुढं कधीतरी मला त्यानं समजावलं. दाराआडच्या माणसाला आपलं एक खोटं सापडलं, की मग आपलं खरंही गेलं. दुसऱ्यांदा फोन कोण उचलणार?

आणि तिसरं म्हणजे तो फोन आधी ठेवत नसे. कधीच नाही. पलीकडच्यानं ठेवल्यावरच ठेवायचा. आमच्या मुलीला, मीनाला, हे कळल्यावर तिला खेळच मिळाला. शेजारच्या घरात फोन लावायची, काहीतरी विचारायची आणि मग ठेवायचीच नाही. "हारलनकाका, you first." "No, ma'am." पुन्हा शांतता. पुन्हा, you first. फोनच्या कंपनीतल्या इंजिनियरच्या घरचा फोन असा तासतासभर अडकलेला असायचा, आणि सांगलीहून ट्रंक कॉल लावणारे माझे वडील समजायचे की आपला मुलगा फार मोठा साहेब झालाय.

त्याचा संसार मोडला होता. बायको जाताना म्हणाली होती, की तुझं बोलणं सगळं परक्यांच्या दाराशी संपतं. हे त्यानंच सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं असंही सांगितलं.

शनिवारी आमच्याकडे मराठी मंडळी जमायची. हारलन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायचा. मुलांचा तो काका होता, बायकांना उंचावरचे डबे काढून द्यायचा, आणि आमच्या गप्पा एक अक्षर न कळता ऐकत राहायचा. पण त्याचा खरा जीव निरोपाच्या कार्यक्रमात. आपल्याकडचं तुम्हाला ठाऊकच आहे. चला, निघतो. मग कुणी उठत नाही. पुन्हा, चला निघू या. मग उठतात. मग बूट घालतात. मग दार उघडतात, उघड्या दारातून एसी रस्त्याला देत उभे राहतात, आणि कुणीतरी म्हणतं, अरे हो, एक राहिलंच.

एकदा आपटे नावाचे आमचे मित्र संध्याकाळभर सगळ्यांना हसवत होते. बूट घालून झाले, दारात आले, आणि 'एक राहिलंच' म्हणून त्यांनी सांगितलं की पंधरवड्यापूर्वी त्यांची नोकरी गेलीय आणि ते रोज सकाळी डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसतात. शेजारी त्यांची बायको उभी होती. तिलाही ते तेव्हाच कळलं.

सगळे गेल्यावर हारलननं मला विचारलं, आपटे दारात काय म्हणाले. मी सांगितलं. तो म्हणाला, "माझंच काम आहे हे. खुर्चीत बसून कुणी खरं बोलत नाही. खरं दाराशी येतं. तुम्ही लोकांनी दाराशी थांबायची रीतच पाडलीय." आणि 'राहिलंच' हा शब्द त्यानं माझ्याकडून घोटून घेतला. त्याच्या तोंडी तो 'राइलॅंच' व्हायचा.

दुसरा शब्द त्याला झेपेना. निघताना जो तो म्हणायचा, येतो. मी सांगितलं, आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ असतं. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. हारलन म्हणाला, पण परवा तू गॅरेजमध्ये होतास आणि कुमुदनं जेवायला हाक मारली, तेव्हाही तू हेच ओरडलास. मी म्हणालो, हो, तेव्हा मी खरंच येत होतो. कुमुद म्हणाली, काही येत नव्हता, अर्ध्या तासानं आला. हारलन हसला. फार कमी हसायचा. म्हणाला, "येतो म्हणून येत नाही, आणि जाताना म्हणतो येतो. असला शब्द मी कामावर कधी वापरणार नाही. धोक्याचा आहे."

'राहिलंच' मात्र त्यानं इंग्रजी करून वापरला. गावाबाहेर एक म्हातारा शेतकरी बायको गेल्यापासून एकटा होता. तो बंदूक घेऊन कोठारात बसला. दुपारभर बोलून शेवटी म्हणाला, बरंय सार्जंट, रामराम. त्यावर हारलन म्हणाला, एक विचारायचं राहिलंच, त्या कुंपणालगतच्या पेकनच्या झाडांचं पाणी किती दिवसांनी तोडायचं? म्हातारा चिडला, म्हणाला, पेकनचं पाणी तोडत नसतात, मूर्खा. मग त्यानं ते नीट समजावलं. समजावता समजावता बाहेर आला. दर शरद ऋतूत त्याच्याकडून अक्रोडासारख्या त्या पेकनची पिशवी यायची. हारलन ती जशीच्या तशी आम्हाला द्यायचा आणि कुमुद चिक्की करायची. तो मात्र एक तुकडाही घेत नसे. "तो बाहेर आला," म्हणायचा. "मी आणला नाही. आज मी आणला म्हटलं तर उद्या जो येणार नाही तोही माझाच."

कामावरून परतला की तो घरात जात नसे. पिकअप दारात उभी करून आतच बसून राही. कुमुदला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. ती सांगलीहून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात चहा पाठवायची. माणूस वाचला असेल तर पेला धुऊन परत यायचा. नसेल तर यायचाच नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, हळूहळू समजलं. मग पेल्यांबद्दल कुमुद बोलेनाशी झाली, आणि पाहुण्यांना आम्ही काचेच्या कपात चहा द्यायला लागलो.

मी त्याच्या कामात पहिल्यांदा मदत केली, त्याचीही गोष्ट ऐका. आतल्या माणसाचा फोन बंद असेल तर पोलीस एक जाड खोका खिडकीशी नेऊन ठेवायचे, त्यात फोन, मागे लांबलचक तार. त्याची घंटा बिघडली होती. मी इंजिनियर. मी ती नुसती दुरुस्त केली नाही, सुधारली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. हारलननं ती घंटा शांतपणे ऐकली आणि घरून लोकरीचा मोजा आणून घंटेवर चढवला. म्हणाला, बंदूक हातात असलेल्या माणसाशेजारी देऊळ बांधायचं नसतं.

त्या खोक्यामुळेच मी डेलच्या दिवशी तिथं थांबलो.

त्या वर्षी तेलाचे भाव कोसळले आणि आमच्या भागातल्या नोकऱ्या धडाधड गेल्या. डेल हा त्यांतलाच एक, ड्रिलिंगच्या कंपनीतला. बायकोमुलं तिच्या माहेरी गेली होती. एका शनिवारी सकाळी तो रायफल घेऊन घरात बसला. हारलनला बोलावणं आलं, तेव्हा त्याची पिकअप बंद होती, कारण आदल्या संध्याकाळी जुना सोफा आणायला ती मी नेली होती आणि दिवे चालू ठेवून झोपलो होतो. म्हणून त्याला माझ्या चिमुकल्या जपानी गाडीत घालून मी नेलं. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. एवढं होऊनही तो मला एकच म्हणाला, की डावीकडे वळताना सिग्नल दे.

डेलच्या समोरच्या घराचं गॅरेज पोलिसांनी घेतलं होतं. डेलनं घरचा फोन उपटून टाकला होता, म्हणून तो खोका आत गेला होता आणि तार घरघरत होती. हारलननं वरिष्ठांना सांगितलं, हा माणूस तारेचं बघेल. मी जोड घट्ट केला आणि बाहेर घालवायचं सगळे विसरल्यामुळे तिथेच एका बादलीवर बसलो. पलीकडचा आवाज छोट्या स्पीकरवर ऐकू येत होता.

हारलन काही विशेष बोलत नव्हता. डेल मुलीसाठी पोर्चवरचा लाकडी झोपाळा करत होता, तो अर्धा राहिला होता. त्याच्या फळ्या, त्याचा सरस, साखळी कुठून आणायची. मधेच डेल म्हणायचा, झालं तर मग सार्जंट. हारलन म्हणायचा, एक राहिलंच. हे चार-पाचदा झाल्यावर डेलच हसून म्हणाला, "आता काय राहिलं?" गॅरेजमधल्या पोलिसांचे खांदे सैल झाले. मला वाटलं, आता येणार हा. सगळ्यांना तेच वाटलं.

वरिष्ठ घड्याळ बघत होते. हारलन बघत नव्हता. डेलनं विचारलं, दार उघडल्यावर तू समोर असशील? हारलन म्हणाला, असेन. डेल म्हणाला, तू माझ्याशी सरळ वागलास. हारलन म्हणाला, हो. मग कसं यायचं ते ठरलं. रायफल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची, हात मोकळे, सावकाश.

डेलनं विचारलं, "आता काही राहिलं नाही ना?"

 हारलनला खोटं येत नव्हतं. म्हणाला, "नाही. आता काही राहिलं नाही."

"बरं," डेल म्हणाला. "I'm coming, Harlan."

फोन ठेवल्याचा नाही, बाजूला टेकवल्याचा आवाज आला. हारलन फोन कानाला लावलेलाच घेऊन, तार ओढत गॅरेजच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, डेलला दिसेल असा. आम्ही सगळे समोरच्या पांढऱ्या दाराकडे बघत होतो. ते दार उघडलं नाही. आतून एकच आवाज आला, आणि तो स्पीकरवरही आला.

पुढचं सगळं पळापळीचं. हारलन मात्र तिथंच उभा होता, फोन कानाला. कुणीतरी म्हणालं, सार्जंट, ठेव आता. त्यानं ऐकलं नाही. पोलीस आत गेले, त्यांची बुटं स्पीकरवर वाजली, कुणीतरी तिकडचा फोन उचलून जागेवर ठेवला. तेव्हा हारलननं ठेवला.

परतताना मी गाडी चालवत होतो आणि गप्प होतो. माझ्या आयुष्यात हे फारदा घडलेलं नाही. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "निघताना तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "येतो."

"इंग्रजीत सांग."

 त्यानंच सांगितलं. मग म्हणाला, "तो तुमच्या भाषेत बोलत होता. आणि तिथं ती भाषा कळणारी दोन माणसं होती."

मी म्हणालो, असं नाही, तो खरंच येत असेल. ओट्यापर्यंत आला असेल आणि तिथं काहीतरी झालं असेल. हारलन म्हणाला, असेल. कदाचित दोन्ही असेल. आणि हे मला कोण सांगणार?

कुमुदनं चहा पाठवला. तो पेला आला नाही.

सगळ्यांनी त्याला सांगितलं, तुझी चूक नव्हती. त्याच्या खात्यानंही रीतसर सांगितलं. तो म्हणायचा, चुकीचं मी म्हणतच नाहीये. मला आता सगळं तसंच ऐकू येतं, त्याचं काय करू?

काय ऐकू येतं ते काही महिन्यांनी कळलं. एक बाई कोंडून घेऊन बसली होती. तासभर बोलल्यावर ती म्हणाली, येते मी बाहेर. हारलन म्हणाला, थांब, एक राहिलंच. ती पुन्हा म्हणाली, येते. तो पुन्हा, एक राहिलं. तिला सोडेना. शेवटी ती कंटाळून फोन टाकून, रिकामे हात वर करून दारातून सरळ चालत बाहेर आली. पोलिसांनी तिला धरलं, कांबळं पांघरलं. हारलनला ती समोर दिसत होती. आणि तो फोनमध्ये बोलतच होता, थांब, बाई, अजून राहिलंय.

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा सवयीनं मला हसू आलं. मी काही भला माणूस नाही. पण तोही हसला, आणि त्याचं ते हसणं बघून माझं बंद झालं.

खात्यानं त्याच्याकडचा फोन काढून घेतला. टेबलाच्या कामाला बसवलं. पुढं त्यानं नोकरीच सोडली. शनिवारी यायचा, कोपऱ्यात बसायचा, पण मंडळी निघायला लागली की मागच्या दारानं आपल्या घरी निघून जायचा. दाराशी कुणी 'येतो' म्हटलेलं त्याला ऐकवत नसे. मीनानं फोन केला तर "येस, मा'म" म्हणून आधी ठेवून द्यायचा. ती एकदा मला म्हणाली, "Baba, he hung up on me." आणि रडली.  मी म्हणालो, लाइन खराब असेल. फोन कंपनीचा इंजिनियर.

आर्कान्सामध्ये त्याची बहीण होती, तिच्याकडे जायचं त्यानं ठरवलं. सकाळची वेळ होती. भाड्याचा ट्रक भरून दारात उभा होता, फार सामान नव्हतंच. तो आमच्या दाराशी आला. हातात बुटांचं खोकं. ते त्यानं कुमुदच्या हातात दिलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले, लखलखीत घासलेले स्टीलचे पेले होते. कुमुदनं ते मोजले नाहीत, तसंच खोकं पोटाशी धरून उभी राहिली.

मी म्हणालो, आत ये, चहा घे. नको म्हणाला. मग आम्ही दारातच उभे राहिलो, आपल्या रीतीनं. मी वाट बघत होतो की हा म्हणेल, एक राहिलंच. मी मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. टपालपेटीचे पैसे त्यानं कधी घेतले नव्हते, ते काढणार होतो. तिकडे फोन कोणत्या कंपनीचा लागेल ते सांगणार होतो. पण त्यानं टोपी घातली, कुमुदकडे बघून मान लववली, आणि त्या सावकाश, लांबट आवाजात, एकेक अक्षर सुटं करत, मराठीत म्हणाला,

"जातो."

कुमुदनं चटकन म्हटलं, "असं म्हणू नये. येतो म्हणावं."

"ठाऊक आहे मला काय म्हणतात ते," हारलन म्हणाला.

ट्रक कोपऱ्यावर वळला. सिग्नल दिला होता.